सॉफ्टबॉल संघाच्या ऑफिसात नोकरी धरताना

स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला अमेरिकेत आलेल्या बहुतेकांना कॅम्पसवरच्या नोकरीसाठी फुटबॉल नाहीतर बास्केटबॉलच हवा असतो. माझं ऐकाल तर मुलींचा सॉफ्टबॉल घ्या. माणसं कमी, पैसा बेताचा, त्यामुळे सगळा कारभार डोळ्यांदेखत चालतो. मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात मी डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सर्वात वरच्या पातळीच्या, संघातल्या मुलींचा अभ्यास सांभाळायचे.

मुलाखतीआधी त्या कॉलेजचा 'इक्विटी इन ॲथलेटिक्स'चा अहवाल काढा. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या साइटवर तो फुकट बघता येतो, खेळवार जमाखर्चासकट. सॉफ्टबॉलची जमा आणि खर्च डॉलरला डॉलर जुळले तर भुलू नका. बहुधा तूट विद्यापीठाने भरून ती जमेत धरलेली असते.

पैसा जातो कुठे? आमच्याकडे फेब्रुवारीत मैदानावर बर्फ, आणि सीझन तर तेव्हाच सुरू होतो. म्हणून मार्चच्या मध्यापर्यंत दर गुरुवारी बॅगा भरून फ्लोरिडा नाहीतर ॲरिझोना. विमान, हॉटेल, जेवणाचा भत्ता. स्कॉलरशिपचं गणितही बदललंय. पूर्वी 12 पूर्ण स्कॉलरशिप अख्ख्या संघात वाटून द्यायच्या. कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या 2025 च्या कोर्टातल्या तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना आता 25 जणींचा संघ ठेवून सगळ्यांना पूर्ण देता येते. देता येते म्हणजे तिजोरीत तेवढे असतातच असं नाही.

कोचिंगमध्ये 2023 पर्यंत एक जण बिनपगारी 'व्हॉलंटियर' असायचा. आता मुख्य कोच आणि तीन सहायक, चौघांनाही पगार देता येतो. बाकी ट्रेनर, अभ्यासाचा सल्लागार हे लहान कॉलेजात दोन-तीन खेळांत वाटलेले.

अभ्यासात, खेळायला पात्र राहण्यासाठी, मुख्य नियम 40-60-80 चा. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचे 40 टक्के क्रेडिट पूर्ण हवेत, म्हणजे 120 पैकी 48. चौथ्याला 60 टक्के, पाचव्याला 80. हे क्रेडिट त्याच पदवीचे धरतात, त्यामुळे दुसऱ्या वर्षी एखादी म्हणाली "मला नर्सिंगला जायचंय" की आमच्या पोटात गोळा. खेळावर आठवड्याला 20 तासांची मर्यादा आहे खरी, पण सामन्याचा अख्खा दिवस त्यात 3 तासच धरतात, आणि प्रवास तर धरतच नाहीत.

दौऱ्यावर असताना परीक्षा हॉटेलात घ्यायची. नाश्त्याचं आवरलं की त्याच टेबलांवर, सिरपचे डाग पुसून, चार मुली चार वेगळे पेपर. ॲरिझोनात घड्याळ पुढे-मागे करत नाहीत. मार्चमध्ये आपलं घड्याळ पुढे गेलं की एका तासाचा फरक दोनाचा होतो. प्राध्यापकांना पत्र पाठवताना कुठल्या गावची वेळ ते स्पष्ट लिहा.

आणि एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम. एक दौरा तेवढे सहज खातो. तुम्हाला दौऱ्यावर नेणार की ऑफिसात ठेवणार, हे नेमणुकीच्या पत्रातच लिहून घ्या.