जपानी पासपोर्टवर परदेशी निघताय? या चुका टाळा

भारतीय पासपोर्टवाला माणूस परदेशी जायचं ठरलं की आधी व्हिसाचं बघतो, मग सुट्टीचं. जपानी माणसाचं नेमकं उलटं असतं. हॉटेल, रेल्वेचा पास, जेवणाची टेबलं सगळं महिनाभर आधी ठरलेलं असतं. पासपोर्ट मात्र कपाटातून बाहेर येतो तो बॅग भरताना. त्याला कारणही आहे. जगात 190 च्या आसपास ठिकाणी या पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. पण ‘व्हिसा नको’ म्हणजे ‘काहीच नको’ असं गृहीत धरलं की विमानतळावर रडकुंडीला येण्याची पाळी येते. माझं कामच जपानी प्रवाशांच्या तिकिटांचं आहे, त्यामुळे हे वारंवार बघतो. तुमचा जोडीदार जपानी असेल, मुलांचा पासपोर्ट जपानी असेल किंवा पुण्या-मुंबईच्या ऑफिसात जपानी सहकारी येणार असतील, तर पुढचं नीट वाचा.

मुदत संपली नाही, पण पुरेशी उरलीही नाही

इंडोनेशिया, व्हिएतनाम, सिंगापूर, मलेशिया या देशांत शिरताना पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. युरोपातल्या शेंगेन देशांतून (आपसात सीमा-तपासणी नसलेल्या देशांचा गट) बाहेर पडण्याच्या तारखेनंतर तीन महिने. चार महिने उरलेला पासपोर्ट घेऊन बालीला निघालेल्या माणसाला विमान कंपनी तोक्योच्या नारिता विमानतळावरच थांबवते.

यात कुटुंबं फसतात ती मुलांच्या पासपोर्टमुळे. मोठ्यांचा लाल पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, पण 18 वर्षांखालच्यांना फक्त पाच वर्षांचा निळा मिळतो. आईबाबांचे पासपोर्ट अजून चार-पाच वर्षं चालणार असतात, म्हणून मुलाचा कोणी उघडूनच बघत नाही. तिकीट काढण्याआधी घरातले सगळे पासपोर्ट टेबलावर मांडा आणि प्रत्येकाची तारीख मोठ्याने वाचा.

नवा करून घ्यायला पूर्वी आठवडाभर पुरायचा. मार्च 2025 पासून नव्या धाटणीचे पासपोर्ट सरकारी छापखान्यात एकाच जागी छापले जातात, त्यामुळे आता दोन आठवडे किंवा त्याहून जास्त धरा. एक वर्षापेक्षा कमी मुदत उरली की नव्यासाठी अर्ज करता येतो. तो घ्यायला ज्याचा त्यानेच जायचं असतं, तान्ह्या बाळालाही न्यावं लागतं. एप्रिलअखेरच्या गोल्डन वीकच्या, म्हणजे जपानमधल्या सलग सुट्ट्यांच्या, आधी हे उरकलेलं बरं.

तिकिटावरचं नाव

ही चूक सगळ्यात चिवट. ओनो हे आडनाव पासपोर्टवर साधारणपणे ओ-एन-ओ असं असतं; ‘ओ’ दीर्घ असेल तर अर्ज करून ओ-एच-एन-ओ असंही घेता येतं. क्रेडिट कार्डावर एक, पासपोर्टवर दुसरं, आणि तिकीट काढताना बोटं सवयीने कार्डावरचंच टाइप करतात.

मराठी-जपानी कुटुंबांनी इथे खास लक्ष द्यावं. लग्नानंतर जपानी पत्नी नवऱ्याचं आडनाव पासपोर्टवर कंसात जोडून घेऊ शकते, म्हणजे तानाका आणि पुढे कंसात पाटील. पण पानावर दिसणारं हे कंसातलं आडनाव खालच्या यंत्राने वाचायच्या दोन ओळींत नसतं आणि चिपमध्येही नसतं. तिकीट ‘पाटील’ नावाने काढलंत तर यंत्राला तिथे फक्त तानाका सापडते. म्हणून तिकिटावर आणि ऑनलाइन परवानगीच्या अर्जावर यंत्राच्या ओळींत आहे तेच नाव टाका, अक्षर न अक्षर.

तिकिटातली चूक लक्षात आली की त्याच दिवशी विमान कंपनीला फोन करा. काउंटरवर हात जोडून फारसं काही होत नाही. अमेरिकेच्या एस्टा अर्जात (व्हिसाऐवजी लागणारी ऑनलाइन परवानगी) नाव किंवा पासपोर्ट क्रमांक चुकला तर तो दुरुस्त होत नाही. नवा अर्ज, पुन्हा शुल्क.

फक्त विमान बदलायचंय, मग कशाला?

तोक्योहून डॅलसमार्गे कॅनकुनला हनिमूनला जाणाऱ्या जोडप्याला वाटतं, आपण तर मेक्सिकोला चाललोय. पण अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी एस्टा लागतं. व्हँकुव्हरमार्गे जाणार असाल तर कॅनडाची ईटीए ही तशीच ऑनलाइन परवानगी लागते. एस्टा किमान 72 तास आधी भरा. सप्टेंबर 2025 अखेरीस त्याचं शुल्क 40 डॉलर झालं. जुन्या पासपोर्टवरचं एस्टा नव्या पासपोर्टवर चालत नाही. आणि मार्च 2011 पासून कधी इराणला किंवा 12 जानेवारी 2021 पासून कधी क्युबाला जाऊन आला असाल, तर एस्टा बहुधा मिळणारच नाही. मग वकिलातीत मुलाखत देऊन व्हिसा घ्यावा लागतो, त्याला वेळ ठेवा.

जुन्या आठवणीवरही विसंबू नका. ब्रिटनला जपानी प्रवासी पूर्वी थेट जायचे. 8 जानेवारी 2025 पासून ईटीए सक्तीची झाली. थायलंडला 1 मे 2025 पासून ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. चीनचं मात्र उलटं झालं. कोविडमध्ये थांबलेला व्हिसामुक्त प्रवेश 30 नोव्हेंबर 2024 ला पुन्हा सुरू झाला, तोही 30 दिवसांचा. पण ही सवलत ठरावीक मुदतीची असते, म्हणून निघण्याआधी त्या देशाच्या सरकारी पानावर बघा.

सरकारी पानावरच, हे ठासून सांगतो. शोधल्यावर सगळ्यात वर येतात त्या बऱ्याचदा मध्यस्थांच्या जाहिराती. थायलंडचं कार्ड फुकट आहे, तरी लोक तिथे पैसे भरून मोकळे होतात.

भारतात येताना

जपानी नागरिकांना भारतात उतरल्यावर व्हिसा मिळतो, पण दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद अशा काही ठरावीक विमानतळांवरच. पुणे आणि गोवा त्यात नाहीत. थेट तिकडे उतरणाऱ्याने ई-व्हिसा आधीच काढावा. ऑक्टोबर 2025 पासून ई-आगमन कार्डही आलंय, तेही फुकट आणि पोहोचण्याआधीच्या 72 तासांत भरायचं.

जपानमध्ये तापवून ओढायच्या तंबाखूची उपकरणं अगदी सर्रास वापरतात. भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटबरोबर तीही बंद आहेत, आयातही. ‘एकच तर आहे, स्वतःपुरतं’ हे कारण सांगून उपयोग नाही. पाहुण्याला हे आधीच कळवा, त्याला शरमिंदं व्हावं लागणार नाही.

पाहुणा घरीच उतरणार असेल तर त्याची माहिती 24 तासांत ऑनलाइन नोंदवणं यजमानाचं काम असतं. मुलांकडे ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, असेल तर विसाव्या वर्षापर्यंत दर नव्या पासपोर्टनंतर त्याची प्रत पोर्टलवर चढवायची असते.

पासपोर्ट हरवला तर

आधी पोलिसांत तक्रार, मग जपानी वकिलात. मुंबईत वाणिज्य दूतावास आहे. घाई असेल तर मायदेशी परतण्यापुरतं प्रवासपत्र मिळतं, पण त्यावर तिसऱ्या देशात फिरता येत नाही. त्यासाठी फोटो आणि कोसेकीची म्हणजे कुटुंब नोंदणीची प्रत लागते. दोन्ही बॅगेत पासपोर्टपासून वेगळ्या कप्प्यात ठेवा. भारतात असाल तर आणखी एक पायरी आहे. व्हिसा पासपोर्टबरोबरच गेलेला असतो, म्हणून परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयातून बाहेर पडण्याची परवानगी घ्यावी लागते. हे एका दिवसात होणारं काम नव्हे. परतीचं विमान उद्याचं असेल तर पहिला फोन विमान कंपनीला करून तिकीट पुढे ढकला.