क्रॅश मेमरीचा पॅच (कोडमधला बदल) तपासताय? या चुका टाळा

बेळगावच्या स्टँडवर निपाणीची गाडी पकडायची आहे. समोरची गाडी खचाखच भरलेली, म्हणून वळसा घालून दुसरीकडं धावलात. बघता तर गाडी तीच. पुढं कन्नड पाटी, मागं मराठी. आता परत पुढं धावणार? लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, हाच प्रकार २०२४ मध्ये उघडकीस आला.

कर्नल कोसळल्यावर डंप, म्हणजे मेमरीची नक्कल, घेणाऱ्या दुसऱ्या कर्नलसाठी बूट होतानाच ‘क्रॅशकर्नल=’ लिहून मेमरी राखतात. ‘५००एम,हाय’ (५०० एमबी, वरच्या भागात) म्हटलं की आधी वरच्या, म्हणजे मोठ्या पत्त्यांच्या मेमरीत शोध, तिथं जमलं नाही तर खाली. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर खालची हद्द ४ जीबी किंवा रॅमचा शेवट, जे आधी येईल ते. वरची हद्द थेट रॅमचा शेवट. क्यूएमूला (आभासी मशीन चालवणारा प्रोग्रॅम) ५१२ एमबीच रॅम दिली की दोन्ही हद्दी एकच! शोध फसतो, कोड खालच्या हद्दीवर येऊन ‘रिट्राय’कडं उडी मारतो, तिथंही ५०० एमबी सलग मिळत नाही. मग अट विचारते, मघाशी वरच्या हद्दीपर्यंतच शोधलं होतं ना? होतं की. पुन्हा उडी. मशीन बूटच होत नाही.

डिफमधल्या (जुन्या-नव्या कोडचा फरक) बदललेल्या ओळी तेवढ्या वाचल्या तर हे कधीच दिसणार नाही. कागद घ्या, प्रत्येक फेरीला शोधाची सुरुवात, शेवट आणि ‘हाय’ यांच्या किमती मांडा. तिसरी फेरी लिहावी लागली, तर पॅच परत पाठवा.

‘क्रॅशकर्नल=’मध्येच ‘@’ लावून पत्ता ठरवून दिला असेल, तर तिथं फॉलबॅक, म्हणजे दुसरीकडं शोधणं, नकोच. जागा नसेल तर सरळ इशारा छापून थांबायचं.

वर जागा मिळाली म्हणून लगेच मान डोलवू नका. काही उपकरणांचं डीएमए (प्रोसेसरला वगळून थेट मेमरी वापरणं) ४ जीबीच्या वर पोचत नाही, म्हणून थोडी जागा खालीही लागते. आर्म-६४ प्रोसेसरवर ती आपोआप १२८ एमबी धरली जाते. ती मिळाली नाही तर वरची राखलेली जागा सोडली जाते का, तेवढं शोधाच. नाहीतर मेमरीही अडकते आणि डंपही मिळत नाही.

खानापुरात घरी बसून मी असाच एक पॅच माझ्या १६ जीबीच्या लॅपटॉपवर चालवून ‘रिव्ह्यूड-बाय’ (तपासल्याची पोच) देऊन मोकळा झालो होतो. फॉलबॅकची ओळ एकदाही चालली नव्हती, हे नंतर ध्यानात आलं. आता आधी क्यूएमूत ५१२ एमबी, मग २ जीबी, मग ८ जीबी. आणि दर वेळी मेमरीचा नकाशा दाखवणाऱ्या ‘/प्रॉक/आयोमेम’ फाइलमध्ये ‘क्रॅश कर्नल’ची ओळ कुठल्या पत्त्यावर आली, ते बघतो.