काँक्रीटमध्ये माती घालायची तर भाजलेलीच घाला

वाळू थोडी मातकट असली की माल थापीखाली लोण्यासारखा पसरतो, म्हणून काही गवंड्यांना ती आवडते. पण कच्ची माती पाणी पिते, खडीला चिकटून सिमेंटची पकड सोडवते आणि वाळताना आकसते. माती भाजली की मात्र तिचा गुण पालटतो. १८९५ साली पुरे झालेले केरळातले मुल्लपेरियार धरण चुना-सुरखीत बांधले आहे. सुरखी म्हणजे भाजलेल्या मातीची भुकटीच. सिमेंटसाठी आज मेटाकाओलिन मिळते. चिनी माती साधारण ६५० ते ८०० अंश सेल्सिअसला भाजून ती बारीक दळतात. सिमेंट घट्ट होताना सुटणाऱ्या चुन्याशी तिचा संयोग होतो आणि काँक्रीट अधिक भरीव होते. घरी विटा कुटून हे साधत नाही, भुकटी जाडच राहते.

पुढची रीत अंगण, ओटा, पायवाट यांच्यासाठी आहे. कॉलम, बीम, स्लॅबला इंजिनिअरने ठरवलेलेच प्रमाण वापरा.

१. आधी वाळू तपासा. काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत वाळू, वर पाणी आणि चमचाभर मीठ घालून जोरात हलवा. तीन तासांनी वर बसलेला गाळ वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जास्त दिसला, तर वाळू धुऊन घ्या. ही पायरी कुणी टाळू नये असे मला मनापासून वाटते.

२. साधे ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलंड) सिमेंट घ्या; पीपीसी (पोर्टलंड पोझोलाना) सिमेंटमध्ये राख आधीच असते. ४५ किलो सिमेंटला ५ किलो मेटाकाओलिन, आणि दोन्ही कोरडेच एकजीव करा. तोंडाला मास्क हवाच.

३. वाळू या मिश्रणाच्या दीडपट, खडी तिप्पट, घमेल्याच्या मापाने.

४. पाणी २५ लिटरपर्यंतच. वाळू ओली असेल तर आणखी कमी. मेटाकाओलिन पाणी ओढते, त्यामुळे माल चिकट पण घट्ट लागतो आणि कामगार पाण्याची बादली उचलतात. तिथेच त्यांना थांबवा. पाणी वाढवले की मेटाकाओलिनने मिळवलेली ताकद निघून जाते. माल सैल करायला सुपरप्लास्टिसायझर वापरा, डब्यावर लिहिलेल्या मात्रेत. आधी एक घमेलेभर माल करून बघा.

५. या मालावर पाणी कमी सुटते, म्हणून पृष्ठभाग लवकर सुकून बारीक तडे जातात. घासकाम होताच प्लास्टिक अंथरा, दुसऱ्या दिवसापासून ओली गोणपाटे. किमान १० दिवस पाणी मारा. कडक उन्हाळ्यात १४.