एंडोमेट्रिओसिस असताना पाळी जाण्याचा काळ कसा निभावावा

“पाळी गेली की आपोआप बरं होईल, तोवर सोसा.” एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असलेल्या चाळिशीतल्या बाईला हे कोणी सांगितलं की मला राग येतो. पाळी कायमची थांबल्यावर बहुतेकींचं दुखणं कमी होतं, हे खरं. पण त्याआधीची काही वर्षं, म्हणजे पेरिमेनोपॉज, अनेकींना उलट जास्त जड जातात. या काळात काही महिने स्त्रीबीज बाहेरच पडत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही. इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन मात्र वर-खाली होत राहतं आणि मधूनच पूर्वीपेक्षाही वर जातं. एंडोमेट्रिओसिस पोसलं जातं ते इस्ट्रोजेनवर आणि त्याला आवर घालतं ते प्रोजेस्टेरॉन. म्हणून सोसत बसू नका, खालच्या क्रमाने कामाला लागा.

१. तीन महिने नोंद ठेवा. तारीख, रक्तस्राव, दुखणं (० ते १०), झोप, गरम झळा, शौचाच्या आणि लघवीच्या वेळी होणारा त्रास. रोज एक ओळ पुरे.

२. नको त्या तपासण्या टाळा. वय ४५ च्या पुढे असेल तर पेरिमेनोपॉज ठरवायला एफएसएच या हार्मोनची रक्ततपासणी लागत नाही. हा आकडा महिन्यागणिक बदलतो, आणि हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर फसवतोच. वय ४० च्या आत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा ती तपासणी हवीच. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा, सोबत थायरॉइडही. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे एंडोमेट्रिओसिस नाही, असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. चॉकलेट सिस्ट (ओव्हरीत जुनं रक्त साठून झालेली गाठ) सहसा दिसते, पण पोटाच्या आतल्या अस्तरावरचे बारीक डाग बहुधा दिसत नाहीत.

३. पाळी अजून येत असेल तर हार्मोन असलेल्या कॉइलबद्दल डॉक्टरांना विचारा. गर्भाशयात बसवायची ही कॉइल रक्तस्राव कमी करते, अनेकींचं दुखणं उतरवते, गर्भनिरोधनही करते. पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं धरून चालू नका. पन्नाशीनंतर शेवटची पाळी येऊन एक वर्ष होईपर्यंत आणि पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर दोन वर्षं काळजी घ्यावी लागते.

४. गरम झळांसारख्या त्रासावर औषध म्हणून इस्ट्रोजेन घ्यायचं का, आणि कसं. मी स्वतः सगळ्यात जास्त अडखळले ती जागा ही. आता इतर बायकांबरोबर दवाखान्यात जाते, तेव्हा त्याही इथेच अडकलेल्या दिसतात.

एक नियम बहुतेकींनी ऐकलेला असतो: गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉन किंवा त्यासारखं औषध) घ्यायचं, कारण नुसत्या इस्ट्रोजेनमुळे अस्तर वाढून कर्करोगाचा धोका संभवतो. पिशवी काढलेली असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालतं. एरवी हे बरोबरच आहे. पण पिशवी एंडोमेट्रिओसिसमुळे काढली असेल तर हा दुसरा अर्धा भाग तसाच लागू करू नये. पिशवी गेली तरी आतड्यावर, मूत्राशयावर, मूत्रवाहिनीजवळ रोगाचे अंश राहिलेले असू शकतात. नुसत्या इस्ट्रोजेनने ते पुन्हा जागे होऊ शकतात, आणि क्वचित त्यात कर्करोगही होऊ शकतो. म्हणूनच ईएसएचआरई या युरोपीय संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की एंडोमेट्रिओसिस झालेल्या बाईला पाळी गेल्यावर नुसतं इस्ट्रोजेन देणं टाळावं.

माझी पिशवी आणि दोन्ही ओव्हरीज काढल्यावर मला नुसत्या इस्ट्रोजेनच्याच गोळ्या लिहून दिल्या होत्या. काही महिन्यांत शौचाच्या वेळचं जुनं दुखणं परत आलं. “आता पिशवीच नाही, मग दुखेल कशाला?” असं उत्तर मिळालं. दुसऱ्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा कागद मागवला. आतड्यावरचा भाग तसाच सोडल्याचं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणून माझा आग्रह आहे: हार्मोनचं बोलणं सुरू होण्याआधी ऑपरेशनचा पूर्ण रिपोर्ट आणि बायोप्सीचा रिपोर्ट हातात घ्या. डिस्चार्ज कार्डवर समाधान मानू नका. काय काढलं, काय राहिलं, ओव्हरीज आहेत का, हे कागदावरून ठरलं पाहिजे, आठवणीवरून नाही.

उलट टोकाची चूकही तितकीच वाईट. ४५ च्या आत दोन्ही ओव्हरीज काढल्या आणि “तुम्हाला एंडोमेट्रिओसिस होतं ना, मग हार्मोन नकोच” म्हणून बाईला तसंच सोडलं, तर हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा वेळी साधारण नैसर्गिकपणे पाळी गेली असती त्या वयापर्यंत तरी उपचार हवा. तो रोज सलग घ्यायचा इस्ट्रोजेन-प्रोजेस्टोजेनचा एकत्र उपचार किंवा टिबोलोन (हार्मोनसारखं काम करणारी गोळी) असू शकतो. एकत्र उपचारात स्तनाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या इस्ट्रोजेनपेक्षा थोडा जास्त असतो, त्यामुळे घरातला इतिहास सांगून हे पारडं डॉक्टरांबरोबर बसून तोला. रक्ताच्या गुठळ्यांची भीती असेल तर इस्ट्रोजेन गोळीऐवजी पॅच किंवा जेलमधून मागा. स्वतःला स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर हा मार्ग सहसा बंद असतो, पण गरम झळांवर हार्मोन नसलेली औषधं आहेत.

उपचार सुरू झाल्यावर नोंदवही पुन्हा उघडा. जुनं दुखणं परतलं तर त्याच आठवड्यात कळवा. “शरीराला सवय होईल” म्हणून थांबू नका.

५. “हार्मोन बॅलन्स” करणाऱ्या पावडरी घेऊ नका. ओव्हरीजचं काम संपत आलेलं असतं, कोणत्याही चूर्णाने ते परत पूर्वीसारखं होत नाही. सोया आणि रेड क्लोव्हरच्या गोळ्या इस्ट्रोजेनसारखं काम करतात, त्या तर नकोच.

६. ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी. वर्षानुवर्षांच्या दुखण्याने हे स्नायू आखडून बसलेले असतात. न तपासता केगल (हे स्नायू आवळण्याचा व्यायाम) सुरू केलंत तर दुखणं वाढू शकतं. आधी स्नायू सैल करायला शिका, मजबुतीचं नंतर.

७. लगेच दाखवावं असं: तासाला एक पॅड भिजणं, लघवीतून रक्त, कमरेच्या वर एका बाजूला सतत दुखणं, पोट फुगलेलं राहून वजन कमी होणं. आणि पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर आलेला कुठलाही रक्तस्राव, मग तो एक डाग का असेना, हार्मोन चालू असोत वा नसोत.