विमान भाड्यानं घेताय? आधी विचारा, ते येणार कुठून

नोव्हेंबरचा किरणोत्सव जवळ आलाय आणि आमच्या घरी पुन्हा कोल्हापूरला जायचं चाललंय. या वेळी तयारी लिहूनच ठेवते, कारण जानेवारीत जे झालं ते परत होऊ द्यायचं नाही. इंदुरातल्या आणखी दोन-तीन घरांत असंच ठरतंय असं कानावर आलं, म्हणून त्यांच्यासाठीही.

आईला एक्क्याऐंशी पूर्ण झाली. अंबाबाईचा किरणोत्सव एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढंच तिचं मागणं. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि 31 जानेवारीला देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी त्याहून वर, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात. नोव्हेंबरात 9, 10, 11 ला तसंच. रस्त्यानं आठशे किलोमीटरच्या वर जातं, तिच्या गुडघ्यांना ते एका दमात झेपणारं नाही. चौघा भावंडांनी पैसे एकत्र केले आणि सहाजणांचं टर्बोप्रॉप, म्हणजे पुढे पंखे असलेलं छोटं विमान भाड्यानं घेतलं.

तर पहिलं. तासाचा दर विचारलात की पुढच्याच वाक्यात विचारा: विमान मुक्कामाला कुठे असतं? दिल्ली, मुंबई, पुणे, अहमदाबाद, कुठे? मी विचारलं नाही. इंदुरात विमानतळ आहे म्हणजे विमान इथूनच निघणार असं धरून चालले. तासाला दीड लाख सांगितले होते. इंदूर-कोल्हापूर पावणेदोन तास, परत पावणेदोन, म्हणजे साडेतीन तास, सव्वापाच लाख. एवढा हिशेब वहीत मांडून मी भावांना फोन केले.

विमान दिल्लीचं होतं. मीटर दिल्लीत चाकांचे अडसर काढल्यापासून चालू होतं आणि दिल्लीत ते परत लावले की थांबतं. दिल्ली-इंदूर सुमारे 1 तास 40 मिनिटं रिकामं, शेवटी तेवढंच पुन्हा रिकामं. एकूण 6 तास 50 मिनिटं, सव्वादहा लाख, त्यावर 18 टक्के जीएसटी. बारा लाखांच्या वर गेलं. वैमानिकांचं रात्रीचं हॉटेल आणि पार्किंग वेगळं. दरपत्रकात ‘पोझिशनिंग’, म्हणजे विमान रिकामं आणण्या-नेण्याचं भाडं, अशी एक ओळ होती. मी ती वाचली होती, पण ती आपल्यालाच भरायची आहे हे लक्षात आलं नाही. हा शब्द दिसला की तिथेच थांबा आणि त्याचे रुपये किती ते लिहून मागा.

आणि हे फक्त पैशांचं नाही, म्हणून पुन्हा सांगते. विमान येणार कुठून हे विचारा, कारण तिथलं हवामान आता तुमचंही हवामान झालं. 31 जानेवारीला इंदुरात लख्ख ऊन होतं. आई सकाळी दहालाच नऊवारी नेसून, ओटीचं ताट मांडीवर घेऊन बसली होती. विमान दिल्लीच्या धुक्यात. धुकं विरलं तरी अडकलेल्या मोठ्या विमानांची रांग पुढे, आमच्याला उड्डाणाची वेळ दीडला मिळाली. इंदुरात उतरलं तीन दहाला, कोल्हापुरात साडेपाचला. उजळाईवाडीच्या विमानतळावरून देवळापर्यंत त्या दिवशीची गर्दी. आम्ही महाद्वाराशी पोहोचलो तेव्हा आतून आरतीचा आवाज येत होता. किरणं येऊन गेली होती. आईनं हात जोडले आणि म्हणाली, ‘‘दर्शन झालं ना, पुरे.’’ मला ते पुरे नाही.

दुसरं, परवाना. पैसे घेऊन प्रवासी न्यायचे तर कंपनीकडे डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं, नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट (भाड्यानं विमान चालवायचा परवाना) लागतं. त्याची प्रत मागा, परवाना असलेल्या कंपन्यांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावरही आहे. कुणी ओळखीतला उद्योगपती ‘‘आमचं विमान घेऊन जा, डिझेलपाण्याचं बघा’’ म्हणाला तर हात जोडा. खासगी नोंदणीच्या विमानाला भाडं घेता येत नाही, आणि काही झालं तर विमा कंपनी पहिलं तेच विचारेल. विमानतळावर फ्लाइंग क्लबची छोटी विमानं दिसतात, ती शिकणाऱ्यांसाठी. शिवाय चार आसनी सेस्ना 172 ला कोल्हापूरपर्यंत तीन तासांहून जास्त लागतील, आणि टाकी भरून चार मोठी माणसं सामानासकट बसवली तर वजन मर्यादेबाहेर जातं.

माझा चुलतभाऊ म्हणतो, एकदा विकतच घ्या. सप्टेंबर 2025 पासून खासगी वापराच्या विमानावर 40 टक्के जीएसटी आहे. पुढे हँगर (विमान ठेवायची शेड), विमा, दर 50 आणि 100 तासांनी तपासणी. सेस्नाच्या इंजिनाचं मोठं काम साधारण 2000 तासांनी निघतं आणि विमान उभं राहिलं तरी वर्षं मोजली जातातच. वर्षातून दोनदा कोल्हापूरला जाणाऱ्यांनी याचा विचारसुद्धा करू नये.

वजनं खरी सांगा. सगळ्यांना घरच्या काट्यावर उभं करा, सामानासकट. आमच्या वहिनींनी लाजून आठ किलो कमी सांगितले आणि मामांसाठी घेतलेली पाच किलो शेव इंदूरलाच राहिली. छोट्या विमानात सगळ्या खुर्च्या आणि पूर्ण टाकी दोन्ही एकदम बहुधा जमत नाही. माणसं वाढली की इंधन कमी, मग वाटेत उतरणं आलं.

म्हातारं माणूस असेल तर दाराचा फोटो मागवा. किंग एअरसारख्या टर्बोप्रॉप विमानाचं दारच खाली उघडून जिना होतं, पायऱ्या अरुंद, धरायला बारीक तार. आईचा पाय पहिल्या पायरीवर टेकेना. वैमानिकानं आतून हात दिला, मी मागून कंबर धरली, तेव्हा ती चढली. आत उंची पावणेपाच फूट, म्हणजे वाकूनच खुर्चीपर्यंत जायचं. दाराजवळची खुर्ची तिला ठेवा. स्वच्छतागृह आहे का, आणि आहे म्हणजे नेमकं कसं, तेही विचारा. मी आता आईकडून उंच पाटावर चढून घेते, रोज दहा वेळा.

विमानतळ कधी उघडा, कधी बंद, ते दोन्हीकडचं विचारा. उशीर झाला तर तिथे जादा वेळेचे पैसे लागतात. छोट्या धावपट्टीवर जायचं असेल तर रात्रीचे दिवे आहेत का, इंधन मिळतं का. दिवसाला किमान दोन तासांचं भाडं लावतात, ते तुमच्याही पत्रकात आहे का बघा. रद्द केलं तर किती कापणार, तेही कागदावर.

ओळखपत्रं, औषधं, व्हीलचेअर आधी सांगून ठेवणं, हे कळतंच.

आता नोव्हेंबरचं. तीन कंपन्यांना पहिला प्रश्न एकच विचारला. मुंबईचं विमान मिळतंय. मुंबई-इंदूर 1 तास 20 मिनिटं, इंदूर-कोल्हापूर पावणेदोन तास, कोल्हापूर-मुंबई पन्नास मिनिटं. आम्ही कोल्हापुरातच उतरून राहणार, म्हणजे चार तासांच्या आतलं बिल. परत येताना मामांकडून गाडीनं, वाटेत पुणे आणि नाशिक असे दोन मुक्काम करत. विमान 8 तारखेचं घेतलंय, 9 चं नाही. एक रात्र आधी तिथे पोहोचायचं.