परसबागेतला बटाटा: वाण निवडा रोग पाहून

रब्बी बटाट्याच्या लागवडीची योग्य वेळ ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. कोकण आणि गोव्यात थंडी उशिरा पडते, तिथे नोव्हेंबर उजाडू द्यावा. बटाटा पोसतो तो रात्रीच्या गारव्यावर. जमिनीचे तापमान 17 ते 20 अंशांच्या आसपास असले की कंद भरभर वाढतात, आणि 30 अंशांच्या वर गेले की कंद धरणेच थांबते. लवकर लावला तर पाला माजतो. उशिरा लावला तर फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात कंद गोटीएवढेच राहतात.

परसबागेत सगळ्यात मोठी चूक बियाण्यात होते. स्वयंपाकघरातल्या टोपलीत मोड आलेला बटाटा दिसला की तो मातीत पुरला जातो. हा बटाटा कोणत्या वाणाचा, कुठल्या शेतातला, त्याच्यात कोणता विषाणू आहे, काहीच ठाऊक नसते. शीतगृहातल्या खाण्याच्या बटाट्यावर मोड येऊ नयेत म्हणून बऱ्याचदा औषधाची धुरी दिलेली असते, त्यामुळे तो उगवला तरी लुकडाच उगवतो. शिवाय अशा एका बटाट्यातून मर रोगाचे जिवाणू वाफ्यात शिरले, तर पुढे त्या जागी टोमॅटो आणि वांगीही टिकत नाहीत. म्हणून आमचे सांगणे असे की आधी स्वच्छ बियाणे, मग वाण. रोगट बियाण्याचा प्रतिकारक वाण काही कामाचा नाही.

प्रमाणित बियाण्याच्या पोत्याला निळी खूणचिठ्ठी असते, पायाभूत बियाण्याला, म्हणजे ज्यापासून प्रमाणित बियाणे तयार करतात त्याला, पांढरी. ती वाचून, वाणाचे नाव आणि तारीख पाहूनच घ्या. पुणे जिल्ह्यात मंचरच्या बाजारात हंगामाच्या तोंडावर पंजाबातून बियाणे येते. अडचण एवढीच की पोते 50 किलोचे असते आणि 10 चौरस मीटरच्या वाफ्याला लागतात तीन ते साडेतीन किलो. दहा-पंधरा घरांनी मिळून एक पोते आणावे, हाच सोपा मार्ग.

आता वाण. आपल्याकडच्या सुधारित वाणांच्या नावात ‘कुफरी’ असते, कारण शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे संकराचे काम जवळच्या कुफरी गावी चालते. सगळ्या रोगांना पुरून उरेल असा एकही वाण नाही. आपल्या बागेत दरवर्षी काय येते ते आठवून निवड करा.

खालच्या पानांवर तपकिरी ठिपके पडतात, ठिपक्यात एकात एक गोल वळी दिसतात आणि पाने खालून वर वाळत जातात, तो लवकर येणारा करपा. उबदार दिवस आणि रात्रीचे दव त्याला मानवते. त्यासाठी कुफरी पुखराज चांगला. 70 ते 90 दिवसांत तयार होतो, आपल्या आखूड थंडीत नेमका बसतो, गर पिवळसर आणि रश्शात न फुटणारा. वेफर्ससाठी मात्र घेऊ नका, त्यात पाणी जास्त.

डिसेंबर-जानेवारीत ढगाळ हवा आणि धुके राहणाऱ्या भागात उशिरा येणारा करपा घात करतो. पानाच्या टोकाला किंवा कडेला पाण्यात भिजल्यासारखा डाग पडतो. सकाळी दव असताना ते पान उलटून पाहा, डागाच्या कडेला पांढरी बारीक लव दिसेल. ऊन चढले की ती दिसत नाही, म्हणून तपासणी सकाळीच करायची. 10 ते 20 अंश तापमान आणि सतत ओलसर हवा मिळाली तर आठवडाभरात अख्खा वाफा काळा पडतो. अशा ठिकाणी कुफरी चिप्सोना-1 किंवा चिप्सोना-3 लावा. दोन्ही या करप्याला बऱ्यापैकी तोंड देतात आणि वेफर्सलाही उत्तम. पण ते 90 ते 110 दिवस घेतात, तेव्हा लागवड ऑक्टोबरमध्येच उरकावी.

कुफरी ज्योती हा 1968 सालचा वाण. आला तेव्हा उशिरा येणाऱ्या करप्याला चांगला टिकायचा, पुढे बुरशीच बदलत गेली आणि आज त्याच्या नावावर विसंबून फवारणी टाळणे धोक्याचे आहे. जिथे रात्री फारशा गार होत नाहीत तिथे 2006 सालचा कुफरी सूर्या वापरा, रात्रीचे तापमान 20 अंशांच्या आसपास असले तरी तो कंद धरतो. तुडतुड्यांनी पानाच्या कडा करपतात त्यालाही तो तोंड देतो. करप्याची काळजी मात्र त्यात वेगळी घ्यावी लागते.

शीतगृहातून आलेले बियाणे लगेच पुरू नका. सात ते दहा दिवस सावलीत, मंद उजेडात एका थरात पसरा. जाड, आखूड, रंग धरलेले मोड आले की ते तयार झाले. अंधारात आलेले लांब पांढरे मोड लावताना तुटतात. 30 ते 40 ग्रॅमचा अख्खा बटाटा सगळ्यात चांगला. मोठा कापावाच लागला तर उभा कापा, प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे आणि निदान 25 ग्रॅम वजन राहू द्या. दोन सुऱ्या घ्या: एक वापरात, दुसरी उकळत्या पाण्यात. आत बांगडीसारखे तपकिरी कडे दिसले की तो बटाटा टाकून द्या आणि सुरी बदला. मर रोग एका बटाट्यातून दुसऱ्यात जातो तो याच पात्यावरून. फोडी दिवस-दोन दिवस सावलीत ठेवून कापलेला भाग सुकू द्या आणि लावण्याआधी किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची पूड) चोळा.

जागा निवडताना मागच्या तीन वर्षांत तिथे टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा नको. मेथी, मका, लसूण झालेला वाफा चालेल. जमीन भुसभुशीत आणि निचऱ्याची हवी, सामू (pH) 6 ते 6.5. चुलीची राख आणि चुना या वाफ्यात घालू नका, ताजे शेणही नको. त्याने कंदावर खरूज आल्यासारख्या खपल्या येतात. 10 चौरस मीटरला 20 ते 25 किलो पूर्ण कुजलेले शेणखत मिसळा. रासायनिक खत देणार असाल तर लागवडीच्या वेळी 375 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, 200 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश आणि 110 ग्रॅम युरिया, आणि एक महिन्याने आणखी 110 ग्रॅम युरिया. युरिया वाढवला की पाला लुसलुशीत होतो, आणि करपा आणि मावा दोघेही त्याच पाल्यावर येतात.

दोन सऱ्यांत 60 सेंमी आणि दोन बटाट्यांत 20 सेंमी अंतर ठेवून 5 ते 7 सेंमी खोल लावा. दाटी केली तर पानांवरचे दव वाळत नाही आणि वाणाचा प्रतिकार तोकडा पडतो. पाणी सरीतून द्या, सकाळी, पाल्यावर न पडेल असे. महिन्याने झाडांच्या बुंध्याशी मातीची पहिली भर द्या, पंधरा दिवसांनी दुसरी. उघडा पडलेला कंद हिरवा होतो आणि खाण्याजोगा राहत नाही. जमीन भेगाळली की बटाट्यावरचा पतंग भेगेतून कंदावर अंडी घालतो आणि अळी आत पोखरत जाते. म्हणून प्रत्येक पाण्यानंतर सरीवरून नजर फिरवा आणि भेग मातीने बुजवा.

धुके सलग दोन दिवस पडले तर डाग दिसायची वाट न पाहता एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. लिटरभरासाठी 10 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या लिटर पाण्यात आणि 10 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ओतून ढवळा. त्यात स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्याच्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे आहे आणि पाने भाजतील, चुन्याचे पाणी थोडे थोडे घालत खिळा स्वच्छ राहीपर्यंत ढवळा. मिश्रण त्याच दिवशी वापरा, पानाच्या खालच्या बाजूलाही पोहोचवा, 12-15 दिवसांनी पुन्हा. फवारताना तोंडाला फडके आणि हातात मोजे हवेत.

एखादे झाड हिरवेगार असतानाच कोमेजले तर त्याचे खोड जमिनीलगत कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभे धरा. काही मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधासारखी धार खाली सुटली तर जिवाणूची मर नक्की. फवारणीने ती जात नाही. झाड, कंद आणि भोवतीची ओंजळभर माती उचलून बागेबाहेर टाका आणि त्या सरीचे पाणी दुसऱ्या सरीत जाऊ देऊ नका. पाने गुंडाळलेले, खुरटे, चट्टेरी झाड विषाणूचे असते. मावा उडून पसरवण्याआधी तेही कंदासकट उपटा.

पाने पिवळी पडू लागली की पाणी बंद करा, पाला जमिनीलगत कापून उचला आणि आठ-दहा दिवस कंद मातीतच राहू द्या. करपा आला असेल तर हे कापणे फारच महत्त्वाचे, नाहीतर पाल्यावरची बुरशी कंदांवर उतरते आणि घरात आणलेले बटाटे सडतात. अंगठ्याने घासून साल निघत नसेल तर काढणी करा. 10 चौरस मीटरमधून 20 किलोपर्यंत उत्पन्न अपेक्षित धरा. काढलेले बटाटे उघड्यावर रात्रभर ठेवू नका, त्यांच्यावर बटाट्याचा पालाही झाकू नका, पतंग त्याच रात्री अंडी घालतो. अंधाऱ्या, हवेशीर जागी कांद्यापासून दूर पसरा आणि वर घाणेरीचा वाळलेला पाला घाला. वाफा पुन्हा एकदा खणून सुपारीएवढे राहिलेले कंदही वेचा, कारण पावसाळ्यात ते उगवतात आणि यंदाचा रोग पुढच्या हंगामाला तयार ठेवतात.