प्रोजेक्टमधले धडे लिहून ठेवताय? या चुका टाळा

प्रोजेक्ट संपला की क्लोजर मीटिंगच्या आधी घाईघाईने 'लेसन्स लर्न्ड'ची एक्सेल शीट भरली जाते आणि शेअर्ड ड्राइव्हवर जाऊन पडते. पुढच्या प्रोजेक्टला तीच चूक पुन्हा होते. 'कोणी वाचतच नाही' ही तक्रार खरी आहे, पण माझ्या मते दोष वाचणाऱ्यांपेक्षा लिहिण्याच्या पद्धतीचा जास्त आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे निर्णय कशाच्या भरवशावर घेतला ते न लिहिणं, किंवा कोणाला सापडणार नाही अशा जागी लिहिणं. युरोपच्या एरियान 5 रॉकेटचं उदाहरण बघा. 4 जून 1996 रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून ते पहिल्यांदा उडालं आणि चाळीसेक सेकंदांत फुटलं. रॉकेटची दिशा आणि गती मोजणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर आधीच्या एरियान 4 रॉकेटकडून आलं होतं. त्यात आडव्या वेगाशी निगडित 64 बिटांचा एक आकडा 16 बिटांच्या पूर्णांकात बसवला जायचा. एरियान 4 च्या मार्गावर तो नेहमी मावायचा, म्हणून प्रोसेसरवरचा भार आटोक्यात ठेवायला तिथे तपासणी ठेवली नव्हती. निर्णय विचारपूर्वकच घेतला होता. पण एरियान 5 चा आडवा वेग सुरुवातीपासूनच बराच जास्त. आकडा मावला नाही आणि त्या यंत्रणेचे राखीव संच व मुख्य संच एकाच कारणाने पाठोपाठ बंद पडले. मुळात ते गणित एरियान 5 ला उड्डाणानंतर लागतच नव्हतं. चौकशी समितीने अहवालात नोंदवलंय की तपासणी का गाळली याचं कारण थेट सोर्स कोडमध्ये कुठेच सापडलं नाही. सर्वांनी मान्य केलेलं गृहीतक कागदपत्रांच्या ढिगात झाकलं गेलं.

तेव्हा कारण त्या कोडच्या डोक्यावरच लिहा. आणि प्रत्येक नोंदीत 'हे कधी लागू होणार नाही?' असा एक रकाना ठेवाच. कोड दुसऱ्या प्रोजेक्टला नेणारा माणूस आधी तोच वाचेल.

दुसरी चूक सुविचार लिहिण्याची. 'टेस्टिंगला पुरेसा वेळ द्यावा', 'क्लायंटशी संवाद वाढवावा' हे वाचून उद्या सकाळी कोण काय वेगळं करणार? त्याऐवजी असं लिहा: 'पेमेंट गेटवेला 30 सेकंदांच्या वर वेळ लागला की आपल्याकडे टाइमआउट होतो, रिट्राय सुटतो आणि ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातात. दोन्ही वेळी एकच आयडेम्पोटन्सी की (हा तोच व्यवहार आहे हे सांगणारी खूण) पाठवल्यावर थांबलं. गेटवे अशी की ओळखत नसेल तर हा उपाय चालणार नाही.' सोबत एरर मेसेज जसाच्या तसा पेस्ट करा. रात्री प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती सिस्टीम, पडलं की माणूस तोच सर्च करतो. 'धडा क्रमांक 14' कोणी शोधत नाही.

'अमक्याच्या हलगर्जीमुळे' असं तर कधीच लिहू नका. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरकडून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी चुकून उडाली. कंपनीने सगळा तपशील जाहीर केला, पण माणसाचं नाव दिलं नाही. शोध पुढे गेला म्हणून कळलं की पीजी-डंप या बॅकअप काढणाऱ्या टूलचं व्हर्जन डेटाबेसशी जुळत नसल्याने रोजचा बॅकअप फेल होत होता आणि तसं कळवणारे ईमेलही नाकारले जात होते. शेवटी साधारण सहा तासांपूर्वीच्या स्नॅपशॉटवरून, म्हणजे तेव्हाच्या डेटाच्या प्रतीवरून, डेटा परत आणावा लागला. नाव टाकून विषय बंद केला असता, तर तो बॅकअप अजून तसाच फेल होत राहिला असता.

नोंद प्रसंगाच्या आठवड्यातच करा. क्लोजरपर्यंत निम्मी टीम दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेली असते.

जुनी नोंद लागू राहिली नाही म्हणून डिलीट करू नका. तिच्या वर 'अमुक व्हर्जनपासून रद्द' असं लिहा आणि का, तेही लिहा.